मरीनात बोट बांधली की दिवसभर काय करतात? खानापूरच्या फिटरला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी खानापूरचा, आयटीआय फिटर, बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. गोव्याचा एक ओळखीचा स्पेनमध्ये शिडाच्या बोटीवर असतो, तो म्हणतोय क्रू म्हणून ये, सीझनभर भूमध्य समुद्रात मरीना ते मरीना फिरायचं आणि हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायचा. समुद्रावरचं व्हिडिओत बघितलंय. पण मरीनात आठ-दहा दिवस थांबल्यावर माणूस तिथं नेमकं करतो काय? आई विचारतेय झोपायचं, खायचं, अंघोळीचं कसं? मला पोहता येतं, बोट चालवता येत नाही."

भावा, तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. बोट चालवता येत नाही ही अडचणच नाही. दोर कधी ओढायचा कधी सोडायचा हे कुणालाही हाताखाली ठेवून शिकवता येतं, पण गंजून बसलेला स्क्रू मान न मोडता कसा काढायचा हे बोटीवर शिकवत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि मरीनातलं, म्हणजे पैसे भरून बोटी बांधून ठेवायच्या गोदीतलं, निम्मं काम ह्याच जातीचं असतं. मी जांबोटीकडचा. आधी गोव्यात बोटयार्डात फायबरचं काम केलं, मग बोटींवर चढलो, आता स्किपर म्हणजे कप्तान म्हणून लोकांच्या बोटी इकडून तिकडं पोचवतो. क्रू घेताना माझ्यापुढं दोन पोरं असली, एक डिंगी म्हणजे छोट्या शिडाच्या बोटींच्या रेसमध्ये कप जिंकलेला आणि एक उद्यमबागेतला फिटर, तर मी फिटर उचलतो. शिडं ओढणारे खूप मिळतात, पाना धरणारा मिळत नाही.

मरीना म्हणजे सुट्टी असं बाहेरून वाटतं. कॉफी, ऊन, पांढऱ्या बोटींची रांग, फोटोत छानच दिसतं. पण आपल्याच भागातलं उदाहरण घे. खानापूर तालुक्यात देगावकडं उगवणारी म्हादई, खाली गोव्यात तीच मांडवी, तिच्या नावावरून नौदलानं आपल्या शिडाच्या बोटीचं नाव 'म्हादेई' ठेवलं. ५६ फुटी बोट, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. तीच घेऊन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ते वाटेत चार ठिकाणी थांबले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन. लोक समुद्रातल्या लाटांचं विचारतात, पण बोट पुढच्या टप्प्याला टिकणार की नाही हे त्या थांब्यांवर ठरतं. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी 'तारिणी' घेऊन गेल्या तेव्हा ह्याच चार बंदरांशिवाय मॉरिशसच्या पोर्ट लुईसला आणखी एक थांबा घ्यावा लागला, कारण स्टिअरिंग बिघडलं होतं. तू आता ज्या कामाला जाशील ते असल्या थांब्यांचं आहे, फक्त लहान प्रमाणात आणि कुठला फोटोग्राफर नसताना.

आता क्रमानं सांगतो, मध्ये भरकटलो तर चालवून घे.

मरीनात शिरायच्या तासभर आधीच काम सुरू होतं. स्किपर व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, मरीनाशी बोलतो, चॅनल ठिकाणावर असतो, भूमध्यात बऱ्याच ठिकाणी ९, इंग्लंडात मरीनांचा ८०. बोटीची लांबी, रुंदी, पाण्याखाली किती खोल, किती रात्री, एवढं विचारतात, मग जागा देतात. तोवर तू फेंडर म्हणजे त्या हवा भरलेल्या उशा बाजूला बांधायच्या आणि दोर तयार ठेवायचे. पुढचा, मागचा आणि दोन स्प्रिंग. स्प्रिंग म्हणजे बोट पुढं-मागं सरकू नये म्हणून तिरके बांधायचे दोर, नवीन पोरं नेमके हेच विसरतात. दोर रेलिंगच्या तारेखालून बाहेर काढून मग वरून आत आणायचा, तारेवरून तसाच फेकलास तर ताण आल्यावर तार वाकणार आणि स्किपर सगळ्यांसमोर ओरडणार. भूमध्यात बऱ्याच ठिकाणी बोट आडवी लावत नाहीत, पाठ धक्क्याला करून उलटी आत घालतात, पुढचं टोक धरायला समुद्राच्या तळाला बांधलेला एक दोर असतो, धक्क्यावरून त्याची बारीक दोरी हातात येते, ती धरून पुढं पळत जाऊन ओढायचा. तो दोर शिंपल्या आणि चिखलानं भरलेला असतो, हातमोजे घाल, लाज वाटून घेऊ नको. आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो, बोट आणि धक्का ह्यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालायचा नाही, बोट आदळत असली तरी. दहा-बारा टनांची वस्तू तू पायानं थांबवू शकत नाहीस. आदळू दे. फायबर मला दुरुस्त करता येतं.

बांधून झालं, इंजिन बंद केलं की नवीन माणसाला वाटतं आता आडवं पडूया. थांब जरा. परदेशातून आला असाल तर पिवळा झेंडा लागलेला असतो, इमिग्रेशन-कस्टम होईपर्यंत स्किपरशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. तो झेंडा उतरला की उजव्या बाजूच्या दोरीवर त्या देशाचा झेंडा. स्किपर ऑफिसात जातो बोटीची कागदपत्रं, विमा, क्रू लिस्ट, पासपोर्ट घेऊन. पैसे लांबीवर असतात, दोन सांगाड्यांच्या कॅटामरानला बहुतेक दीडपट. ऐन उन्हाळ्यात युरोपातल्या गर्दीच्या जागी ४० फुटी बोटीला एका रात्रीचे शंभर युरोच्या वर जातात, म्हणून मालक शक्यतो बाहेर नांगर टाकून राहायला बघतो आणि मरीनात येतो तेव्हा कामांची यादी घेऊनच येतो. रोज पैसे जात असतात ना. त्यामुळं तिथं तू बसून असलास तर त्याला टोचतंच.

मग वीज. धक्क्यावर खांब असतो, त्यावर नळ आणि सॉकेट. युरोपात निळा तीन पिनांचा गोल प्लग, १६ अँपिअर, मोठ्या बोटींना ३२. आधी बोटीतला मेन स्विच बंद, मग केबल बोटीच्या बाजूला लावायची आणि शेवटी खांबाला. काढताना उलट, आधी खांबाची. कारण साधं आहे, खांबाला आधी लावलीस तर हातात जिवंत टोक घेऊन ओल्या डेकवरून चालत येणार. केबलचं वेटोळं तसंच ठेवून हीटर लावू नको, वेटोळं तापतं आणि वितळतं, पूर्ण उलगडून ठेव. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे साडेतीन हजार वॉटच्या आसपास, किटली आणि गरम पाण्याचा बॉयलर एकदम चालू केला की गेला ट्रिपर, आणि काही मरीनात तो ट्रिपर कुलूपबंद असतो, मग रात्री वॉचमनला शोधा.

विजेची एक भानगड तुला फिटर म्हणून आवडेल. केबल लावली की तुझ्या बोटीची अर्थिंग खांबातून शेजारच्या सगळ्या बोटींच्या अर्थिंगला जोडली जाते, पाणी खारं, प्रत्येक बोटीखाली वेगवेगळा धातू, म्हणजे अख्खी गोदी मिळून एक बॅटरी होते. तिच्यात सगळ्यात आधी झिजतो तो जस्ताचा तुकडा, प्रॉपेलरच्या शाफ्टवर मुद्दाम लावलेला असतो, त्याला अॅनोड म्हणतात. शेजाऱ्याचा झिजलेला असेल तर तुझा त्याच्यासाठीही झिजतो. हे टाळायला अर्थच्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. नसला तर मालकाला सुचव, पहिल्याच आठवड्यात तुझी किंमत वाढेल. आणि पोहता येतं म्हणालास म्हणून सांगतो, मरीनात पाण्यात उतरायचं नाही. कुणाच्या तरी बोटीतून वीज पाण्यात गळत असू शकते, गोड्या पाण्याच्या मरीनात तर त्यानं माणूस जागेवर आखडतो आणि बुडतो, वर प्रॉपेलर फिरत असतात ते वेगळंच. बहुतेक मरीनात बंदीच असते.

आता सकाळपासूनचा दिवस. उठल्यावर चहाच्या आधी बिल्ज बघायचं, म्हणजे तळातली फळी उचलून टॉर्च मारायची. पाणी आलंय का, आलं असेल तर करंगळी लावून चाखायचं, खारट असेल तर बाहेरून येतंय, गोडं असेल तर आपलीच टाकी गळतीय. डिझेलचा वास असेल तर तो वेगळा शोध. लोकांना वाटतं बोटी वादळात बुडतात. धक्क्याला बांधलेल्या बोटी पण बुडतात, एक रबरी पाइपची क्लिप सुटली, पंपाचा फ्लोट अडकला, वर कुणी नाही, झालं. म्हणून दिवसभर बाहेर जाणार असाल तर तळातले, समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणाऱ्या पाइपांचे कॉक बंद करून जायचं. दोर बघायचे, रात्रीत कुठं घासलेत का, जिथं घासतात तिथं जुना पाइप कापून वर चढवायचा. तरंगता धक्का असेल तर बोट आणि धक्का भरती-ओहोटीबरोबर एकत्र वर-खाली होतात, काळजी नाही. पक्का दगडी धक्का असेल तर हिशोब करायचा, भूमध्यात पाणी फार हलत नाही, पण गोव्यात उधाणाला दोन मीटरच्या आसपास फरक पडतो आणि फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सेंट मालोला तर बारा मीटरपर्यंत. तिथं दोर ताठ बांधून झोपलास तर पहाटे बोट दोराला लटकलेली दिसेल.

नाश्ता झाला की धुणं, म्हणजे बोटीचं. समुद्रावरून आलं की सगळ्यावर मीठ बसतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळं काही वाळतच नाही. गोड्या पाण्यानं वरून खाली, डोलकाठीपासून सुरुवात. डेक सागवानाचा असेल तर मऊ ब्रश रेघांच्या आडवा फिरवायचा. रेघांच्या दिशेनं घासलास तर लाकडाचा मऊ भाग निघून जातो आणि नाल्या पडतात, प्रेशर गन तर अजिबात नको. पाण्याची टाकी भरताना मरीनाचा पाइप वापरू नको, त्याचं तोंड कुणी कुठं घातलेलं असतं देव जाणे, आपला वेगळा पाइप ठेवतात, थोडं पाणी वाहू देऊन मग लावायचा. डेकवर दोन झाकणं असतात, एक पाण्याचं एक डिझेलचं, वर लिहिलेलं असतं, तरीही लोक डिझेलच्या टाकीत पाणी भरतात. बोटीचा पाणी गोडं करायचा प्लांट असेल तर तो मरीनात बंद, पाण्यावरच्या तेलानं त्याचं मेंब्रेन म्हणजे गाळणीचा पडदा खराब होतो.

मग तुझं खातं. इंजिनचं फार सांगत नाही, तुला कळेल, डिझेल आहे, फिल्टर आहेत, ऑइल गरम असताना बदलायचं, फक्त समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर उघडून बघ आणि पाती मोडलेली असतील तर त्यांचे तुकडे शोधून काढ, ते पुढं हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतात. खरा पसारा विंचचा. विंच म्हणजे दोर ओढायचा तो उभा ड्रम. वर्षातून एकदा तरी उघडायचा, आणि मरीना हीच त्याची जागा, कारण हलत्या बोटीवर उघडलास तर सुटे भाग समुद्रात. आधी एक खोका घे, तळ कापून टाक आणि विंचवरून खाली घाल, चारी बाजूला भिंत होते. वरची रिंग काढून ड्रम सावकाश सरळ वर उचलायचा. रोलर बेअरिंग कधी कधी आतून ड्रमला चिकटून वर येतं आणि मग टपकन पडतं. आतमध्ये छोटे पॉल म्हणजे ड्रम उलटा फिरू न देणारे खटके असतात, नखाएवढे, प्रत्येकामागं केसासारखी स्प्रिंग, ती बोटातून सुटली की टुणकन उडते, खोका त्याच्यासाठी. सगळं रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन पुसून घ्यायचं, गिअरना आणि बेअरिंगला पातळ थर ग्रीस, पण पॉलला ग्रीस कधीच नाही, फक्त हलकं तेल. ग्रीस लावलं की पॉल चिकटतात, वेळेवर बाहेर पडत नाहीत, आणि जोरात ताण असताना विंच उलटी फिरली तर हँडल मनगट मोडतं. बसवून झाल्यावर हातानं फिरव, टिकटिक टिकटिक एकसारखी आली पाहिजे. उद्यमबागेत रॅचेट हाताळलेल्याला हे लगेच जमेल, पण इथं घाई करणारे लोक ग्रीसचा डबा रिकामा करतात आणि वर सांगतात छान सर्व्हिसिंग केलं.

दुसरं म्हणजे बसलेले स्क्रू. डोलकाठी अॅल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी, दोन-चार वर्षांत दोन्ही एकजीव होतात. आधी पेनिट्रेटिंग ऑइल, रात्रभर ठेवायचं, मग थोडी उष्णता, मग इंपॅक्ट ड्रायव्हर. नवीन घालताना दोन धातूंच्या मध्ये अडसर म्हणून पेस्ट लावतात, ड्युरालॅक किंवा टेफ-जेल, ती न लावता घातलेला प्रत्येक स्क्रू पुढच्या माणसाला शिवी आहे.

डोलकाठीवर चढणं हे बघ, भीती वाटणार. वाटू दे. बसायची खुर्ची असते, ती दोन वेगवेगळ्या दोरांवर लावायची, एकावर वजन आणि दुसरा सेफ्टी, आणि कुठल्याही झटपट उघडणाऱ्या हुकावर विश्वास ठेवायचा नाही, गाठ मारायची, बोलाइन. वर जाऊन तारांच्या टोकांना कुठं एखादा धागा तुटलाय का बघायचं, कापसाचा बोळा फिरवला की तुटलेल्या तारेला अडकतो, पिनांना स्प्लिट पिन आहेत का बघायचं. हत्यारं सगळी दोरीनं बांधलेली, खाली कुणी उभं राहायचं नाही. सकाळी वारा नसताना काम उरकून घे, दुपारी शेजारून मोटरबोट गेली तरी वर तुला झोका बसतो.

शेजारी हा मरीनातला मोठा विषय. दोन बोटींमध्ये हातभर अंतर, दोन भिंतींपलीकडं कोण घोरतंय ते कळतं. शिडं वर चढवायचे दोर डोलकाठीला लागून ठेवलेस तर रात्री वाऱ्यात ठणठण वाजत राहतात आणि सकाळी सगळी गोदी तुझ्याकडं रागानं बघते, म्हणून ते बाजूला ओढून रबरानं बांधायचे. कुणाच्या बोटीवर न विचारता पाय ठेवायचा नाही, बूट काढूनच जायचं, हे आपल्याला शिकवायला नको. दोन बोटी एकमेकींना बांधलेल्या असतील आणि तुला आतल्या बोटीवरून जायचं असेल तर त्यांच्या पुढच्या भागावरून जायचं, बसायच्या जागेतून नाही, ती त्यांची बैठकीची खोली असते. कुणी बोट लावायला आला की उठून दोर घ्यायला जायचं, हा अलिखित नियम, मग तो कितीही शिष्ट असो. दोर हातात आल्यावर ओढत सुटू नको, क्लीटला, म्हणजे धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटाला, एक फेरा मारून धर आणि त्याचा स्किपर काय सांगतो तेच कर. मरीनात हत्यारं, स्क्रू, सल्ला सगळं उसनं मिळतं, पण जो दोर घ्यायला उठतो त्यालाच. आपल्या भागातली पोरं मराठी, कन्नड, हिंदी, कोंकणी असं मिसळून बोलतच मोठी होतात, त्यामुळं मोडक्या स्पॅनिशला लाजत नाहीत, हा एक फायदाच म्हणायचा.

आता आईच्या प्रश्नांकडं येतो.

झोपायला बंक, अडीच फूट रुंद धर, डोक्यावर बसता येईल एवढीच उंची. पहिल्या रात्री धक्क्यावर उतरल्यावर जमीन हलतेय असं वाटतं, घाबरायचं नाही, दोन दिवसांत जातं. अंघोळ मरीनाच्या बाथरूममध्ये, गरम पाणी असतं, काही ठिकाणी टोकन किंवा नाणं टाकायचं आणि साबण लावलेला असतानाच पाणी बंद होतं. म्हणून आधी भिजून घे, मग साबण लाव, मग दुसरं नाणं. चपला नेहमी घालून जा. कपडे लाँड्री मशीनमध्ये. रेलिंगवर वाळत घातलेले काही मरीनांना चालत नाहीत, बोर्ड बघ.

टॉयलेटचं उघडच सांगतो कारण कुणी सांगत नाही. मरीनात असताना किनाऱ्यावरचं वापरायचं. बोटीवरचं वापरलंच तर ते टाकीत गेलं पाहिजे, मरीनाच्या पाण्यात सोडायचं नाही, दंड होतो. तुर्कस्तानात काही भागांत टाकी रिकामी केल्याची नोंद एका निळ्या कार्डावर होते, ते तपासतात. पाइप अगदी बारीक असतो, त्यामुळं पोटातून आलेलं सोडून काहीही आत टाकायचं नाही, तुंबलं की तो पाइप सोडवायचं काम सगळ्यात नवीन क्रूचं, म्हणजे तुझं. लघवी आणि खाऱ्या पाण्याचा चुनखडीसारखा थर पाइपात बसतो, आठवड्यातून एकदा व्हिनेगर टाकून ठेवलं तर थर कमी बसतो.

जेवण. दोन बर्नरची शेगडी असते, समुद्रावर ती बोटीबरोबर डोलते, मरीनात खिटी लावून घट्ट करायची, नाहीतर भाकरी थापताना पातेलं सरकतं. गॅस वापरून झाला की सिलिंडरचा कॉक बंद, प्रत्येक वेळी. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली तळात जाऊन बसतो आणि तिथंच बॅटरी आणि पंप असतात, एका ठिणगीचं काम. सिलिंडर पण प्रत्येक देशात वेगळा, युरोपात निळा कॅम्पिंग गॅझ सगळीकडं मिळतो. आपला प्रेशर कुकर घेऊन जा, छोटा तीन लिटरचा आणि दोन जादा रबर. झाकण बसतं त्यामुळं हेलकाव्यात सांडत नाही, गॅस कमी लागतो, भात-आमटी वीस मिनिटांत. बेळगावी शेंगदाण्याची चटणी, सांडगी मिरची, मसाला हवाबंद डब्यात. कुंदा नेलास तर पहिल्या चार दिवसांत संपव, उकाड्यात टिकत नाही, गोकाकचा करदंट मात्र महिनाभर चालतो आणि रात्रीच्या पाळीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फोडणी देताना वरची खिडकी उघड. बंद केबिनमध्ये लाल मिरची तेलात पडली तर अख्खी बोट बाहेर पळते आणि स्मोक अलार्म वाजतो तो वेगळा. विमानाला आणि कस्टमला काय चालतं ते आधी बघून घे, घरचं तूप आणि मांसाचं लोणचं युरोपात आत सोडत नाहीत.

खरेदीचा एक नियम, पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर येत नाही. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, एकदा झुरळं शिरली की वर्षभर जात नाहीत. सगळं धक्क्यावरच बाहेर काढायचं, भाजी-फळं धुऊन वाळवून आत. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली मिळाली तर घ्यायची, दोन दिवसांनी उलटी करत गेलं की कित्येक आठवडे टिकतात. अटलांटिकच्या आधी तू बहुतेक कॅनरी बेटांवर लास पाल्मासला असशील. दर नोव्हेंबरला तिथून एआरसी नावाची शिडाच्या बोटींची रॅली कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला निघते, रॅली १९८६ ला सुरू झाली, अंतर साधारण २,७०० सागरी मैल. त्या महिन्यात ती मरीना गच्च भरलेली असते, प्रत्येक बोटीवर कुणीतरी डोलकाठीवर लटकलेलं, धक्क्यावर केळ्यांचे घड आणि पाण्याच्या बाटल्यांच्या थप्प्या. दुकानात स्प्लिट पिन संपतात, इंपेलर संपतात. म्हणून तुझी यादी ऑक्टोबरमध्येच करून मागवून ठेव.

आणि मग वाट बघणं. वारा उलटा असला की बोट निघत नाही, आठ दिवस म्हणता म्हणता पंधरा होतात. हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदा बघायचा, त्यावर वाद घालायचे, आणि दुपारी काम संपल्यावर चार माणसं त्याच तीस-चाळीस फुटांत. भांडणं समुद्रावर होत नाहीत, मरीनात होतात, कारण समुद्रावर पाळ्या असतात आणि अर्धे झोपलेले असतात. मी क्रूला सांगतो, रोज दोन तास एकट्यानं बाहेर जा, बाजार बघ, घरी फोन कर. घरचे विचारणारच, "काय करूलालास रे तिकडं?" आणि "स्क्रू काढूलालो" म्हटल्यावर त्यांना पटत नाही. संध्याकाळी शेजारच्या बोटींवर बोलावणी असतात, जा, पण पिण्याचं जपून. रात्री धक्का आणि बोट ह्यांच्यामधल्या फटीत पडून लोक मरतात, आणि थंड पाण्यातून उंच काठाची बोट हातानं चढता येत नाही. शिडी नेहमी खाली सोडता येईल अशी ठेव.

कागदांचं थोडक्यात. एसटीसीडब्ल्यू ह्या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं बेसिक सेफ्टी कोर्स हवाच, मेडिकल हवं. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहायचं हा नियम आहे, सीझनभर राहणार तर मालकानं तुझ्या व्हिसाचं काय ठरवलंय ते लेखी माग, टुरिस्ट व्हिसावर काम करायला ये म्हणाला तर सरळ नको म्हण. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट आला, कोल्हापूरचा असो, पणजीचा असो, तर उठून ये. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं एमएलसी ह्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणं बंद आहे, भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारलाय, आणि भारतात भरती करणाऱ्याकडं डीजी शिपिंग ह्या केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स लागतं. नंबर माग, वेबसाइटवर तपास.

हो म्हणायच्या आधी त्या ओळखीच्या माणसाला चार गोष्टी विचार. मरीनात वाट बघत थांबलो तर त्या दिवसांचा पगार चालू का, का फक्त समुद्रावरच्या दिवसांचा? जेवण आणि मरीनातली लाँड्री कुणाच्या खर्चानं? आजारी पडलो तर विमा कुणाचा? आणि मध्येच जमलं नाही, त्यानं काढलं किंवा मी सोडलं, तर परतीचं तिकीट कोण काढणार? पहिल्या प्रश्नावर "ते बघू नंतर" असं उत्तर आलं तर समज की बघणार नाहीत, आणि चारही उत्तरं ईमेलवर घेतल्याशिवाय उद्यमबागेतला राजीनामा देऊ नको.